अथेन्सच्या वेशीबाहेरची टोळंबी

गुणाबाई नाकाडे नागपूरच्या पलीकडे कधी गेली नाही, आणि नागपूरलाही एकदाच गेली, नवऱ्याचे डोळे दाखवायला. तरी अथेन्स शहराच्या तटाबाहेर तीन कोसांवर एक गाव होतं, त्यात सव्वीस घरं होती, विहीर उगवतीला होती आणि मावळतीच्या उतारावर तेलाच्या झाडांची राई होती, हे ती घडाघडा सांगायची. गाव चोवीसशे वर्षांपूर्वीचं. पण त्याची विहीर कुठे खणायची, गुरं कोणत्या वाटेने परतायची आणि सुनेने पाणी भरायला जाताना कोणाचं दार टाळायचं, हे सगळं गुणाबाईनेच ठरवलं होतं. नवरा कादंबरी लिहीत होता. माणसं त्याला जमत होती, लढाया जमत होत्या. गाव वसवता येत नव्हतं.

नवरा म्हणजे लटारू मास्तर. वडशापासून सात मैलांवरच्या कुरूडझरीत प्राथमिक शाळेवर एकवीस वर्षं. घरची पाच एकर धानाची शेती गुणाबाई बघायची. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला हा माणूस तरुणपणी हिवाळ्यातल्या मंडळ्यांसाठी नाटकं लिहून द्यायचा. राजा, प्रधान, कपटी मेहुणा. दोन नाटकं वडशाला गाजली. मग एके वर्षी त्याने ते बंद केलं. राजाच्या तोंडी जे काही घालता येतं ते सगळं घालून झालंय, असं तो म्हणाला.

ग्रीस देश कुरूडझरीत आला तो तंबाखूच्या वाटेने. सत्तेचाळीस साली जंगलखात्याचा इंग्रज साहेब बंगला सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. वडशाच्या बाजारात तंबाखू विकणाऱ्या बाबूभाईने त्यातला पुस्तकांचा ढीग पुड्या बांधायला उचलला. मास्तर तंबाखू घ्यायला गेला आणि पुडी सोडताना त्याला कागदावर एक नकाशा दिसला. समुद्रात बोटं घातल्यासारखी जमीन. त्याने बाबूभाईला विचारलं, या पुस्तकाचं बाकीचं कुठे आहे?

"आधा तर लोकायनं खाल्ला, मास्तर," बाबूभाई म्हणाला. "उरला तो घेऊन जा. मोठा कडक कागद हाय, पुडी नीट मुडपत नाई."

उरलेला म्हणजे सुरुवातीची चारशे पानं. ग्रीसचा इतिहास, शब्दकोश शेजारी ठेवून, मास्तरने दोन वर्षांत वाचला. शेवटची पानं, ज्यांत लोक काय पेरायचे, काय खायचे, घरं कशी बांधायचे, ती आसपासच्या पंचवीस-तीस गावांत चुन्याचे डाग पडून फेकली गेली होती. मास्तरच्या हाती राहिली ती युद्धं.

त्या युद्धांतलं एक त्याच्या मनात बसलं. स्पार्टाचं सैन्य दर उन्हाळ्यात यायचं. पीक उभं असताना यायचं, ते जाळायचं आणि परत जायचं. बाहेरच्या खेड्यांतले लोक घरांची दारंसुद्धा उपसून घेऊन अथेन्सच्या तटाच्या आत पळायचे आणि तिथून आपल्या शेतांचा धूर बघायचे. राजे, सेनापती यांच्याबद्दल पुस्तकात पानंच्या पानं होती. दार उपसून नेणाऱ्यांबद्दल दीड ओळ. मास्तरने ठरवलं, कादंबरी या दीड ओळीची.

नायिकेचं नाव ठेवलं मिर्तो. गुणाबाईच्या तोंडी ते मिरता झालं आणि थोड्या दिवसांत शेजारणी नदीवर धुणं धुताना विचारू लागल्या, "काय वो गुणाबाई, तुमच्या मिरताचं सासूशी पटलं का नाई?"

"पटते कायचं! सासू अजून दाराच्या चौकटीसाठी रडून राह्यली."

गुणाबाईला अक्षर येत नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी मास्तरने तिच्यासाठी पाटी आणली होती. सासूने दोन दिवस ती पाहिली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या. विषय संपला. पण मास्तर जे लिहायचा ते तिला वाचून दाखवायचा, सकाळी, शाळेत जाण्याआधी, ओसरीवर. आणि अडलं की विचारायचा.

तेलाच्या झाडाचं असंच अडलं. पुस्तकात लिहिलं होतं की त्या देशात एक झाड आहे, ते देवीने दिलं असं लोक मानतात. ते तोडलं तर शिक्षा होते. शेकडो वर्षं जगतं. त्याच्या फळाचं तेल काढतात, तेच खातात, तेच दिव्यात, तेच अंगाला. शब्दकोशात त्या झाडापुढे 'जैतून' असं दिलं होतं. जैतून मास्तरने पाहिलं नव्हतं, बाबूभाईनेही नाही.

"आमच्या मजहबात नाव हाय त्याचं," बाबूभाई एवढंच म्हणाला. "झाड कोणी पाह्यलं!"

मास्तरने गुणाबाईला सगळं वाचून दाखवलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "याच्यात विचारासारखं काय हाय? मोह आहे थो."

"मोह कसा असंल?"

"मोहाले कोणी तोडते का? देवाचा हाय. आज्याच्या आज्यानं पाह्यलेला मोह अजून बांधावर उभा हाय. टोळंबीचं तेल खाते, दिव्यात घालते, बाळंतिणीच्या अंगाले लावते. तुमच्या देशात दुसरं नाव असंल."

मास्तरने फार विचार केला नाही. करायला त्याच्याजवळ शेवटची पानं नव्हती. गुणाबाईचं माहेर पार कुरखेड्याकडच्या जंगलातलं. जेठ महिन्यात मोहाची फळं गळतात, बाया पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फळातली बी काढतात, तीच टोळंबी. ती फोडून वाळवायची, पाऊस लागायच्या आत. ओली झाली की तेल कडू होतं. लहानपणी तिने दहा वर्षं हेच केलं होतं. तिने सांगितलं आणि मास्तरने लिहिलं. बोटांना कसा चिकट वास येतो आणि तो तीन दिवस जात नाही. वाकून वेचताना कंबर नाही, मान दुखते. दुसरीच्या झाडाखाली गेलं तर शिव्या कोणत्या मिळतात. शिव्या त्याने थोड्या सौम्य केल्या.

तेलाच्या घाण्यासाठी तो तिला घेऊन दीड मैलावरच्या गोंडांच्या टोल्यावर, त्यांच्या वस्तीवर, गेला. तिथे सुकरी नावाची म्हातारी अजून जुन्या पद्धतीने तेल काढायची. लांबच लांब ओंडका, एक टोक झाडाच्या खोडातल्या खाचेत अडकवलेलं, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेले. मध्ये वाफवलेल्या टोळंबीच्या बांबूच्या टोपल्या एकावर एक. ओंडका खाली बसत जायचा आणि तेल दगडाच्या पन्हळीतून उतरायचं. मास्तरने वितीने मापं घेतली. सुकरी हसत होती. मास्तर लग्नाला मंडप घालायला आलाय काय, असं तिने गोंडीत विचारलं, आणि गुणाबाईने त्याला ते सांगितलं नाही.

कादंबरी सहा वर्षांत पुरी झाली. बावीस प्रकरणं. तिचा कणा असा होता: सैन्य आलंय, गाव तटाच्या आत आहे, आत अन्न संपतंय, दिव्याला तेल नाही. जेठ महिना आहे. बाहेर राईत टोळंबी गळून पडली आहे आणि पाऊस आला की ती जाणार. मिर्तो पहाटे तटाच्या मोरीतून बाहेर पडते, टोपली घेऊन. तीन दिवस जाते-येते. चौथ्या दिवशी शत्रूच्या घोडेस्वारांना दिसते, पळते, घाण्याच्या झोपडीत लपते आणि तिथे पकडली जाते. पुढे तिचं विकलं जाणं, बेट, समुद्र. पण मास्तरच्या मते कादंबरी त्या झोपडीतच होती. नऊ प्रकरणं तिथवर पोचायला लागली होती.

छप्पन्नच्या माघात बाड नागपूरच्या एका प्रकाशकाकडे गेलं. वैशाख संपता संपता उत्तर आलं. पोस्टमन अयूब दारात सायकल टेकवून उभा राहिला, कारण पाकीट जाड होतं आणि मास्तरच्या घरी जाड पाकीट कधी येत नसे. मास्तरने ओसरीच्या कडेला, उन्हात जाऊन वाचायला घेतलं. कागद नाकाजवळ धरला. बाजूबाजूने सरकवत वाचू लागला.

ते का, हे आधी सांगायला हवं. दोन वर्षांपासून मास्तर चौकटींना खांदे घासत होता. पाण्याच्या तांब्याकडे हात नेला की तांब्याच्या शेजारी पडायचा. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं, काचबिंदू. गेलं ते येत नाही, उरलं ते किती टिकेल सांगता येत नाही. मास्तरला समोरचं दिसायचं, नळीतून पाहावं तसं. नळी बारीक होत होती. शाळेत त्याने हजेरी आवाजावर घ्यायला सुरुवात केली होती. गुणाबाईला हे सगळं ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे हे मास्तरलाही होतं. बोलणं मात्र होत नसे.

पत्र नागपूरच्या एका प्राध्यापकाचं होतं, ज्यांना प्रकाशकाने बाड वाचायला दिलं होतं. त्यांनी मनापासून लिहिलं होतं. खेड्यातल्या बायकांचं इतकं खरं चित्र मराठीत त्यांनी पाहिलं नव्हतं. तेलाच्या घाण्याचं वर्णन तर चकित करणारं. त्या काळच्या ग्रीसमध्ये घाणा अगदी असाच होता, लांब तुळई, टोकाला दगड, मध्ये टोपल्या. लेखकाने हे कुठल्या ग्रंथातून घेतलं ते कळवावं.

"सुकरीचं नाव कळवा," गुणाबाई म्हणाली.

मास्तर हसला आणि पुढे वाचू लागला. मग आवाज खाली आला.

एक मोठी चूक होती. ज्या झाडाच्या फळांवर कादंबरीचा गाभा उभा आहे, ती फळं त्या देशात उन्हाळ्यात पिकत नाहीत. ती कार्तिक ते पौष या महिन्यांत उतरवतात. जेठात ती नुकती धरलेली असतात, मोहरीएवढी. उलट सैन्य येत असे ते वैशाख-जेठात, जवाचं पीक कापणीला आलेलं असताना, आणि हिवाळ्यात ते घरी असे. तेव्हा नायिका फळं वेचते आहे आणि शत्रू समोर आहे, ही दोन्ही एका वेळी होऊ शकत नाहीत. एवढं दुरुस्त करून पोळ्यापर्यंत पाठवलं तर प्रकाशक या वर्षीच्या यादीत कादंबरी घ्यायला तयार होता. पुढच्या वर्षीचं त्याने काही सांगितलं नव्हतं.

मास्तरने पत्राची घडी घातली. गुणाबाईने अंगणातली कोंबडी हुसकली, ती काहीच करत नव्हती तरी.

"म्याच सांगतलं होतं," ती म्हणाली. "मोह आहे म्हून."

"म्या विचारलं होतं."

"तुमी विचारलं, म्या ठासून सांगतलं."

चूक अशी होती की ती कुरूडझरीतल्या माणसाकडूनच व्हावी. शहरातल्या लेखकाने जेठात टोळंबी पाडलीच नसती. त्याला टोळंबी कधी पडते हे माहीतच नसतं.

पुढल्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाबूभाई स्वतः कुरूडझरीला आला. त्याला सगळी हकिगत सांगितली गेली. ग्रीसचा मूळ मालक म्हणून तो स्वतःला या प्रकरणात थोडा जबाबदार धरत असे.

"अरे मास्तर, याच्यात काय! लष्कर थंडीत आणा ना."

"लष्कर इतिहासाचं हाय, बाबूभाई. माह्या बापाचं नाई."

"तर मग झाड हलवा. उन्हाळ्यात फळ द्या त्याले."

"झाड देवाचं."

बाबूभाईने तंबाखू मळली. "लष्कर इतिहासाचं, झाड देवाचं. तुमचं काय हाय त्याच्यात?"

"बाई," गुणाबाई आतून म्हणाली.

"मग बाईले हलवा! बाहेर जायले बहाणा काय एकच असते? आमच्या घरच्या तर कोथिंबिरीसाठी मोहल्ला पालथा घालतात."

बाबूभाई हसून गेला. पण बोलला ते खरं होतं. मिर्तोला दुसऱ्या कशासाठी तरी बाहेर काढायला हवं होतं.

गुणाबाई दोन दिवस त्याच विचारात होती. इथे जेठात शेतात काही नसतं. धानाची पेर व्हायची असते, बांधावर शेण पडलेलं असतं, बस्स. उन्हाळ्यात पीक उभं असतं ही गोष्टच तिच्या मनात शिरेना. मग तिने मास्तरला पत्राचा तेवढा भाग पुन्हा वाचायला लावला. जव कापणीला आलेला. सैन्य तो जाळायला येतं. लोक घाईघाईने कापतात आणि पळतात.

"घाईत कापलं तर सरवा किती पडला असंल!" ती म्हणाली.

कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेल्या लोंब्या, त्या वेचायच्या, हा सरवा. धानाच्या गावात ते काम तिला टोळंबीइतकंच माहीत होतं. कोणत्या बाया वेचतात, कोणाच्या शेतात मालक येऊ देतो, बोटांची कातडी कशी सोलते. स्वतःच्याच शेतात सरवा वेचायची पाळी आली तर बाई कशी इकडेतिकडे बघून वाकते. मास्तर ऐकत होता. त्याने मध्येच तिला थांबवलं आणि दौत मागितली.

जेठाच्या शेवटच्या आठवड्यात लिहिणं सुरू झालं. फक्त एक प्रसंग बदलून भागणार नव्हतं. तेल नऊ प्रकरणांत मुरलेलं होतं. सासूसुनेचं भांडण तेलावरून, दिवा विझतो तो तेलावाचून, मिर्तोच्या हातांचा वास, घाण्याची झोपडी. ते काढून तिथे जव भरायचा म्हणजे नऊही प्रकरणं पुन्हा लिहायची. पोळ्याला सव्वादोन महिने होते.

गुणाबाईला अक्षरं कळत नव्हती, पण मास्तरचं लिहिणं ती तीस वर्षं बघत होती. रोवलेल्या धानासारख्या ओळी, सरळ, मध्ये सारखं अंतर. पहिल्या दिवशी तिला एक ओळ दुसरीवर चढलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तीन चढल्या. तिने बांबूची एक कमटी तासून आणली आणि कागदावर आडवी ठेवली.

"हे काय?"

"याच्या वर वर लिहा. झाली वळ का मी खाली सरकवतो."

"मले दिसते."

"दिसते तर बरंच हाय. कमटी काय चावते का?"

कमटीने आठ पानं नीट झाली. मास्तर लिहायचा, ओळ संपली की "हं" म्हणायचा, ती कमटी सरकवायची. तो काय लिहितोय ते तो मोठ्याने म्हणायचा, आणि म्हणून ती मध्ये मध्ये बोलायची. "मिरता एवढं सासूले बोलणार नाई. मनात म्हणंल." तो तेवढं बदलायचा.

मग आषाढ लागला आणि रोवणी आली. धानाच्या गावात रोवणीच्या दिवसांत कोणी कोणासाठी बसत नाही. चिखल झाला की त्या दिवशी रोप लागलंच पाहिजे. घरची पाच एकर होती, बायांचा गट ठरलेला होता, आज हिच्या शेतात तर उद्या तिच्या. एक बाई गळली की गट मोडतो. गुणाबाई उजाडता जायची, दिवस मावळायला यायची, कमरेपर्यंत चिखलात. मागे मास्तर एकटा लिहीत बसायचा. त्याने शाळेतून रजा घेतली होती.

लिहून देणारं दुसरं कोणी मिळतं का, हे तिने पाहिलं. गावात लिहिता येणारे सात पुरुष होते. साती बांधावर होते. ब्रह्मपुरीकडून नवा आलेला शिक्षक भला माणूस होता, दोन दिवस येऊन बसला. पण मास्तरने 'सरवा' म्हटलं की तो 'उर्वरित धान्यकण' लिहायचा आणि वर समजावून सांगायचा की पुस्तकात असंच हवं. तिसऱ्या दिवशी मास्तरने त्याला चहा दिला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. गुणाबाई शेतातून आली तेव्हा ते घडून गेलं होतं.

"काऊन हाकललं त्याले? अक्षर तर येत होतं."

"त्याची मिरता शाळामास्तरीण होऊन राह्यली होती."

ती रात्री आली की झोपायची. सकाळी निघताना ओसरीवरचे कागद बघायची. तिला दिसत होतं. कमटी आता तो स्वतःच सरकवायचा, पण थांबला, विचार केला, पाणी प्यायला, की कमटी कुठे होती ते त्याला सापडायचं नाही. तो पुन्हा वरूनच सुरू करायचा. ओळीवर ओळ, तिच्यावर आणखी एक. काही पानांवर खालचा अर्धा भाग कोरा होता आणि वरचा काळा. मास्तर मात्र खूश होता. बारा-तेरा वर्षांत इतकं झरझर लिहिलं नाही, म्हणायचा. जेवताना तिला सांगायचा, आज सहावं प्रकरण झालं, मिरता शेताच्या बांधावर पोचली.

सांगावं असं तिला रोज वाटलं. बांधावर उभी राहून ती वाक्य जुळवायची. घरी आली की तो मिर्तोचं सांगायला लागायचा आणि वाक्य राहून जायचं. एकदा तिने विचारलं, "लिहिलेलं वाचून पाह्यता का मांगचं?" तो म्हणाला, "सगळं झाल्यावर पाहतो. आता मांगं वळलो तर तुटंल."

मागे वळून त्याला काही दिसलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

रोवणी संपली. श्रावण लागला. पोळ्याला बारा दिवस असताना तिने एके दुपारी अयूबला वाटेतच, शाळेच्या मागे अडवलं आणि पदराखालून दोन पानं काढली.

"भाऊ, हे वाचता येते का पाय."

अयूबने पान उजेडात धरलं. सात गावांचं टपाल वाटणारा माणूस, लोकांची वाकडी-तिकडी अक्षरं वाचण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. त्याने पहिल्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. मग पान तिरपं केलं. मग उलटं केलं.

"खाली नाई येत, बाई. एकावर एक हाय. तीन-तीन वळी."

"काहीच नाई?"

"एक शब्द येते. 'सासू'. तो दोनदा येते."

"बाकीचे असेच हायत. थोडे चांगले हायत. मले काय ते समजत नाई, चांगलं दिसते तेवढं येगळं केलं."

"मास्तरले माहीत हाय?"

तिने पानांसाठी हात पुढे केला. अयूबने पानं परत दिली आणि सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवली.

त्या संध्याकाळी तिने सांगितलं. जेवणं झाली नव्हती, उजेड होता. तिने दोन गठ्ठे त्याच्यासमोर ठेवले आणि त्याचा हात आधी एकावर, मग दुसऱ्यावर ठेवला.

"हे आठ-दहा चांगले हायत. हे नाई."

मास्तरने दुसऱ्या गठ्ठ्याची जाडी अंगठ्याने चाचपली. "किती?"

"चौऱ्याऐंशी. कपडे शिवणाऱ्या जमीलाकडून मोजून घेतले."

"कधीपासून?"

"रोवणीपासून."

"आणि तू आता सांगून राह्यली."

"काय सांगत होतो?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "तुमी बांधावर पोचले, झोपडीत पोचले. मी म्हणाव का सगळं चिखलात गेलं?"

त्याने तो गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाला, की आठवतं तेवढं सांगतो, तू लक्षात ठेव. तिने ठेवलं. पुढचे पाच दिवस ती निंदणीला गेली नाही. त्याने सांगितलेली प्रकरणं तिने ऐकली आणि परत म्हणून दाखवली, जवळजवळ शब्दाला शब्द. पण म्हणून काय झालं? लिहिणारं तिसरं माणूस नव्हतंच; गावातले ते साती पुरुष अजून शेतातच होते. नव्या शिक्षकाकडे जायला मास्तर तयार झाला, स्वतः, काठी घेऊन. तर तो पोळ्यासाठी घरी गेला होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी अयूब आला. मास्तरने कोरं कार्ड काढून ठेवलं होतं. अयूबने सायकल भिंतीला लावली, थैली खांद्यावरून न काढता ओसरीवर टेकला आणि कार्ड गुडघ्यावर घेतलं. ढग भरून आले होते. त्याला अजून चार गावं बाकी होती.

"लिही," मास्तर म्हणाला. "आपले पत्र मिळाले. सुचवलेली दुरुस्ती रास्त आहे. प्रकृतीच्या कारणाने मुदतीत होऊ शकली नाही. या वर्षीच्या यादीतून कादंबरी वगळावी."

अयूब लिहीत गेला. तो सावकाश, मोठं अक्षर काढायचा.

"एवढं नको," गुणाबाई एकदम म्हणाली. "त्यायले सांग का मिरता आता सरव्याले जाते. जव कापला घाईत, मंग ती स्वतःच्याच वावरात जाते, इकडंतिकडं पाहून वाकते. तटातून मोरीनं. चार दिवस जाते. झोपडी नाई आता, खळं हाय, पेंढ्याखाली लपते. सगळं ठरलं हाय म्हणा. नुसतं लिहाचं राह्यलं."

अयूबने कार्ड उलटं-सुलटं केलं.

"जागा नाई, बाई."

"बारीक लिही ना."

"पत्त्याची बाजू सोडली तर दोन बोटं उरली. त्याच्यात सही कराची हाय मास्तरची."

मास्तरने हात पुढे केला. अयूबने त्याची बोटं धरून टाक दोन बोटांच्या जागेवर टेकवला. सही अर्धी कार्डावर आली, अर्धी अयूबच्या पायजम्यावर. अयूबने उरलेली स्वतः पुरी केली.

"बरोबर लिहिलं ना?" मास्तरने विचारलं.

"लिहिलं."

अयूबने कार्ड गुणाबाईसमोर धरलं, खात्री करून घ्यावी तसं. तिने ते पाहिलं. ओळी सरळ होत्या, मध्ये सारखं अंतर होतं. तिने मान हलवली आणि कार्ड थैलीत गेलं.